तपशिलाचा रकाना

मंदिरात बोललेले दान आमच्या घराण्यातून मुदतीत पोहोचले नाही, असे माझ्या आठवणीत एकदाच घडले. ते दान २०२४ च्या श्रुतपंचमीला बोललेले होते आणि बोलणारी आमची अक्का होती. किराणा दुकानदाराची उधारी जिने आयुष्यात कधी दुसऱ्या महिन्यावर जाऊ दिली नाही, तिच्याकडूनच हे घडावे याचे समाजात आश्चर्य झाले. दोन-चार जणांनी ते आश्चर्य माझ्यापर्यंत पोहोचवलेही. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. अक्काची परवानगी घेतली आहे. "माझे नाव घालू नकोस, बाकी सगळे खरे लिही," एवढीच तिची अट आहे.

अक्का जयसिंगपूरला एकटी राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. काचबिंदूचे निदान उशिरा झाले आणि नऊ वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्ही सर्व कोलमडलो. अक्काने मात्र विचारले, "मग यापुढे मी वाचायचे कसे, ते सांगा."

वाचण्याचे साधन माझ्या मुलीने पुण्याहून आणून बसवून दिले. ती तेथे संगणकप्रणालींच्या चाचणीचे काम करते. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी एनव्हीडीए ही प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने लिहावयास घेतली आणि जेम्स तेह हा त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली होती. बाजारातील स्क्रीन रीडर फार महाग, म्हणून आपला विनामूल्य असावा हा त्यांचा निर्धार होता आणि आजही तो विनामूल्यच आहे. हे ऐकून अक्का म्हणाली, "चार दानांपैकी हे शास्त्रदानच झाले की." तिने तीन महिन्यांत ते यंत्र आत्मसात केले. आपल्याकडे इंद्रियांचा क्रम स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा लावलेला आहे. डोळे चतुरिंद्रिय जीवालाही असतात, कान मात्र पंचेंद्रियालाच. "माझे चौथे इंद्रिय थकले, पण पाचवे त्याच्या वरच्या पायरीचे आहे," असे ती स्वाध्याय मंडळात हसत सांगते आणि ऐकणाऱ्या बायका हसावे की नाही या संभ्रमात पडतात.

तेव्हापासून तिचे बँकेचे व्यवहार ती स्वतः करते. माझ्यावर ती अवलंबून नाही आणि याला कारणीभूत मीच आहे. तीस-पस्तीस वर्षे काउंटरच्या पलीकडे बसून मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो की, पासवर्ड कोणालाही, सख्ख्या भावालाही सांगू नये. अक्काने ते अक्षरशः पाळले.

मार्च २०२४ मध्ये तिने दीड लाख रुपयांची मुदत ठेव घरबसल्या ठेवली. बँकेचे नाव येथे नको. तो अर्ज इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो. ठेवीचा प्रकार निवडण्यासाठी तीन पर्याय होते : सर्वसाधारण मुदत ठेव, तिमाही व्याजाची ठेव आणि कर बचत मुदत ठेव. अक्काला त्या वर्षी कलम ८० सी खाली वजावट घ्यावयाची होती, म्हणून तिने तिसरा पर्याय निवडला. मर्यादा दीड लाखाची, रक्कमही दीड लाखाची, सर्व काही जुळले. पुढे जूनमध्ये श्रुतपंचमी आली. मंदिरात मुलींच्या वसतिगृहासाठी आवाहन झाले आणि अक्काने एक लाख रुपये बोलले. ठेव मोडू, थोडे व्याज कमी मिळेल, एवढाच तिचा हिशेब होता. आयुष्यभर तिने ज्या ठेवी ठेवल्या त्या सगळ्या अशाच मोडता येत होत्या.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, ही ठेव मोडायचा पर्यायच का येत नाही?"

मी ठरावीक बँकेच्या आवाजात उत्तर दिले, "अक्का, ती कर बचत ठेव आहे. पाच वर्षे मोडता येत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. तिथे तसे लिहिलेले असते."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "लिहिलेले असेल. मला सांगितलेले नाही."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून जयसिंगपूरला गेलो. अक्काने मला शेजारी बसवले आणि तोच अर्ज नव्याने उघडला. टॅबची कळ दाबत ती एकेका रकान्यावर जाऊ लागली आणि यंत्र बोलू लागले. तिसऱ्या पर्यायावर येताच ते म्हणाले, "कर बचत मुदत ठेव, रेडिओ बटण, निवडलेले नाही, तीनपैकी तिसरे." एवढेच. पुढची कळ दाबली की रकमेचा रकाना. मी मात्र पाहत होतो. त्या पर्यायाखाली फिकट करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती : मुदत ५ वर्षे, मुदतपूर्व परतफेड नाही, तारण म्हणून ठेवता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ होती. हातभर अंतरावर बसलेल्या माझ्या बहिणीसाठी ती अस्तित्वातच नव्हती. ती ओळ मी तिला वाचून दाखवली तेव्हा अक्काने लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या रात्री मुलीला फोन केला. पुढच्या रविवारी ती आली आणि आत्याशेजारी बसून तिने आम्हा दोघांना जे समजावून सांगितले, ते मला कळले तसे सांगतो.

आपण ज्याला वेबपान म्हणतो ते ब्राउझर दोनदा उभे करतो. एकदा डोळ्यांसाठी, रंगरेषांसह. दुसऱ्यांदा एका वंशावळीसारख्या यादीच्या रूपात, जी पडद्यावर कधीच दिसत नाही. तिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही, तो ही यादी विचारतो. यादीतल्या प्रत्येक घटकाची काही माहिती ब्राउझर नोंदवतो : त्याची भूमिका काय (बटण, रकाना, पर्याय), त्याचे नाव काय, त्याची सध्याची स्थिती काय आणि त्याचे वर्णन काय. नाव म्हणजे ओळख, वर्णन म्हणजे त्या नावापलीकडे वापरणाऱ्याला जे कळले पाहिजे ते. हे नाव व वर्णन कोठून उचलावे, कोणत्या क्रमाने उचलावे, याचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ठरवून दिलेले आहेत. अशा जोडण्यांची जी परिभाषा आहे, तिला एरिया म्हणतात. तिची पहिली अधिकृत आवृत्ती २०१४ मध्ये आली.

माझ्या मुलीने फायरफॉक्समध्ये बांधणाऱ्यांसाठी असलेली तपासणीची खिडकी उघडली. त्या तिसऱ्या पर्यायासमोर माहितीची यादी होती. भूमिका : रेडिओ बटण. नाव : कर बचत मुदत ठेव. वर्णन : आणि समोर दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीही नाही.

ज्याने जन्मभर वह्या तपासल्या त्याला रिकामा रकाना चटकन टोचतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवले होते की, रोजकीर्दीतली नोंद कितीही अचूक असली तरी तिच्याखाली स्पष्टीकरण नसेल तर ती अपुरी आहे. पासबुकातही तारखेशेजारी तपशिलाचा रकाना असतो. खात्यातून पैसे गेले आणि तपशील कोरा राहिला, तर ग्राहक पहिल्या तासाला शाखेत येऊन उभा राहतो, आणि ते योग्यच असते. येथे हजारो ग्राहकांच्या अर्जात तपशिलाचा रकाना कोरा होता आणि कोणी तक्रार केली नव्हती. ज्यांना दिसत होते त्यांना तो कोरा असल्याचे कळण्याचे कारण नव्हते. ज्यांना दिसत नव्हते त्यांनाही ते कळण्याचा मार्ग नव्हता, कारण न बोललेले शब्द ऐकू येत नाहीत.

"पण ती ओळ तर अगदी त्या पर्यायाला चिकटून आहे, ब्राउझरला एवढे कळू नये?" मी विचारले. मुलगी म्हणाली, "बाबा, चिकटून आहे हे तुमच्या डोळ्यांना कळते. ब्राउझरच्या लेखी तो एक पर्याय आहे आणि नंतर एक सुटे वाक्य आहे. या वाक्याचा त्या पर्यायाशी संबंध आहे, हे अर्ज बांधणाऱ्याने सांगावे लागते." सांगण्याची रीत सोपी आहे. त्या वाक्याला एक खूण द्यावयाची आणि पर्यायावर एरिया-डिस्क्राइब्डबाय असे लिहून तीच खूण नोंदवावयाची. मग ब्राउझर ते वाक्य उचलून वर्णनाच्या रकान्यात ठेवतो आणि पर्यायावर येताच यंत्र नावानंतर तेही बोलते. सारे मिळून एका ओळीचे काम.

अक्काने खालच्या बाणाची कळ दाबून ओळ न् ओळ ऐकली असती तर ते वाक्य तिला सापडले नसते का, असा प्रश्न वाचकाला पडेल. बँकेनेही पुढे तोच विचारला. स्क्रीन रीडरच्या दोन अवस्था असतात. एक पान वाचण्याची, दुसरी अर्ज भरण्याची. टॅबने पर्यायांवर आले की यंत्र दुसऱ्या अवस्थेत जाते आणि तेथे खालचा बाण पुढची ओळ वाचत नाही, पुढचा पर्याय निवडतो. अर्ज भरणारा माणूस अर्ज भरत असतो. प्रत्येक रकान्यानंतर थांबून, अवस्था बदलून, आसपास एखादे अनाथ वाक्य पडले आहे काय हे चाचपत बसावे, अशी अपेक्षा डोळस माणसाकडून आपण कधी केली नसती.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल.

निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत मी ज्या बँकेत होतो (ती अक्काच्या बँकेहून निराळी), तेथे ऑनलाइन अर्ज स्वीकृत करण्याच्या एका समितीवर माझी नेमणूक झाली होती. पुरवठादाराचा तरुण लॅपटॉप घेऊन आला. तपासणीच्या तक्त्यात चाळीसेक बाबी होत्या आणि त्यांत एक अशी : दृष्टिहीन ग्राहकांस वापरता येतो काय? दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग यांपासून वंचित ठेवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक जून २००८ मध्येच निघाले होते, त्यामुळे ती बाब तक्त्यात असणे भागच होते. त्या तरुणाने टॅबची कळ चार-सहा वेळा दाबली. यंत्राने रकान्यांची नावे घेतली. मला कौतुक वाटले. मी 'होय' वर खूण केली, खाली सही केली आणि आम्ही जेवायला गेलो. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. यंत्र बोलते आहे हे मी तपासले. ते काय सांगायचे राहून गेले, हे तपासायला हवे, असे माझ्या मनातही आले नाही. त्या अर्जांखालीही बारीक ओळी होत्या. त्यांतल्या किती मुक्या राहिल्या आणि त्यापायी कोणाचे काय अडले, हे मला आता कधीच कळणार नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत एक आहे न्यासापहार. कोणी आपल्याकडे ठेव ठेवली, पुढे तिची संख्या विसरला आणि कमी मागू लागला, तर 'बरोबर आहे' म्हणून तेवढीच परत करणे. नोकरीत असताना मी हे सूत्र दशलक्षण पर्वात दरवर्षी ऐकत होतो आणि दरवर्षी मनाशी म्हणत होतो की, हा अतिचार बँकवाल्यांसाठीच लिहिलेला दिसतो आणि आपल्या हातून तो घडलेला नाही. त्याला अचौर्याच्या अतिचारांत न घालता सत्याच्या अतिचारांत का घातले असावे, हे मात्र मला कधी उमगले नव्हते. येथे खोटा शब्द कोणी उच्चारलेला नसतो. समोरच्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते आणि आपण गप्प राहतो. माझ्या सहीत कोणाचा पैसा घेण्याचा हेतू नव्हता, हे खरे. पण जयसिंगपूरच्या त्या खोलीत यंत्र पर्यायाचे नाव घेऊन गप्प झाले तेव्हा मला त्या गप्प राहण्याचा अर्थ कळला.

दानाची रक्कम मी देतो म्हटले. अक्का ऐकेना. "बोलले मी, द्यायचे मी." वसतिगृहाचे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले, दोन मुलींचे शुल्क त्या रकमेतून भरावयाचे होते. शेवटी जुलैत, ठरल्याहून तीन आठवडे उशिरा, तिने माझ्याकडून एक लाख रुपये कर्ज म्हणून घेतले आणि दान पोहोचते केले. व्याजाचा दर तिनेच ठरवला : तिला त्या ठेवीवर जो मिळतो तोच. मी नाही म्हटल्यावर, "बँकेत होतास ना? मग बिनव्याजी कर्जाची सवय लावू नकोस," असे म्हणाली. दरमहा चार हजारांचा हप्ता ती स्वतः ऑनलाइन पाठवते.

बँकेला मी पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले की, सदर माहिती पानावर ठळकपणे उपलब्ध आहे. 'ठळकपणे' हा शब्द अक्काने दोनदा ऐकला. मग मुलीने दोन पानांची टिपणी केली, त्यात यंत्राचे बोलणे जसेच्या तसे उतरवले आणि दुसरे पत्र गेले. त्याचा उपयोग झाला. दिवाळीनंतर अक्काने अर्ज उघडला तर तिसऱ्या पर्यायावर यंत्र बोलू लागले आणि थांबेचना. वर्णनाच्या रकान्यात त्यांनी ठेवीच्या साऱ्या अटी ओतल्या होत्या. उद्गम करकपात, नामनिर्देशन, संयुक्त खात्यात वजावट कोणाला, पत्ता बदलल्यास काय करावे, सारे एका दमात. पाच वर्षांची गोष्ट कोठेतरी मध्यावर येऊन गेली. अक्काने कंट्रोलची कळ दाबून त्याला गप्प केले आणि मला फोनवर म्हणाली, "पूर्वी मुका होता, आता वाचाळ झाला. मधला कोणी मिळत नाही का?"

या मधल्याचा प्रश्न केवळ एका बँकेपुरता नाही, तो ब्राउझर बांधणाऱ्यांपुढचाही आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. एरिया-डिस्क्राइब्डबायने जोडलेला मजकूर ब्राउझर यंत्राच्या हाती देतो तो सपाट करून. मूळ पानावर त्या मजकुरात परिच्छेद असोत, क्रमांक घातलेल्या अटी असोत, एखादा दुवा असो, वर्णनाच्या रकान्यात येताना त्या साऱ्याची एक सलग ओळ होते. दुवा दुवा राहत नाही, नुसता शब्द उरतो. ऐकणाऱ्याला मागे जाऊन तिसरी अट पुन्हा ऐकता येत नाही, ऐकायचे तर सगळेच पुन्हा. म्हणून वर्णन एक-दोन वाक्यांचे असेल तरच ही रीत उपयोगी. लांब मजकुरासाठी २०१७ च्या आवृत्तीत एरिया-डिटेल्स ही वेगळी जोडणी आली. तिच्यात मजकूर ओतला जात नाही. 'अधिक तपशील आहे' एवढेच यंत्र सुचवते आणि ज्याला हवे तो तेथे जाऊन, परिच्छेद आणि दुवे शाबूत असलेला मजकूर आपल्या गतीने वाचतो.

दुसरी एक सुधारणा मला हिशेबनिसाच्या दृष्टीने फार आवडली. वर्णन निरनिराळ्या ठिकाणांहून येऊ शकते. कधी ते पानावर दिसणाऱ्या वाक्यातून येते. कधी ते माउस नेल्यावर उमटणाऱ्या छोट्या चौकटीतून येते, जी कळफलकावर काम करणाऱ्या डोळस माणसालाही बहुधा दिसत नाही. आणि आता एरिया-डिस्क्रिप्शन नावाची नवी सोय येत आहे, जिच्यातले वाक्य पडद्यावर कोठेच नसते, ते केवळ ऐकणाऱ्यासाठी लिहिलेले असते. पान वाचण्याच्या अवस्थेत यंत्र सहसा वर्णने बोलत नाही, कारण ते वाक्य पुढे ओघाने येणारच असते आणि तीच गोष्ट दोनदा ऐकावी लागते. पण जे वाक्य पडद्यावर नाहीच, ते ओघाने येणार कोठून? ते गाळले तर कायमचे हरवले. यंत्राने निवड करावी कशी? यावर तोडगा असा निघाला की, ब्राउझरने वर्णनासोबत ते कोठून आले हेही कळवावे. नोंदीबरोबर व्हाउचरचा क्रमांक देण्यासारखेच हे. मूळ कळले की पडद्यावर नसलेले वर्णन यंत्र वाचण्याच्या अवस्थेतही बोलते आणि बाकीची पुनरुक्ती टाळते. एनव्हीडीए लिहिणाऱ्या दोघांपैकी जेम्स तेह पुढे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात ब्राउझरच्या याच बाजूचे काम करावयास गेला, हे मुलीने सांगितले तेव्हा अक्काला फार समाधान वाटले. "ज्याला ऐकावे लागते तो आत बसला आहे," ती म्हणाली.

आत कोण बसले आहे, याला महत्त्व आहे हे आता आपल्या न्यायालयानेही मानले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. बँकांच्या ई-केवायसीवरून दोन याचिका होत्या. एक ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून व इतरांची आणि दुसरी अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची. (आडनाव वाचून आपल्या वाचकांना जे वाटेल तेच मलाही वाटले.) न्यायालयाच्या निर्देशांत एक असा आहे की, संकेतस्थळ वा ॲप स्वीकृत करण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घ्यावे. तो निर्देश मी तीनदा वाचला. आमच्या त्या समितीच्या खोलीत एखादी अक्का बसली असती, तर माझी दहा मिनिटे तेथेच उघडी पडली असती.

अक्काने बँकेसाठी स्वतः चार वाक्ये तयार केली. गणिताची शिक्षिका, शब्द मोजून वापरणारी : "मुदत ५ वर्षे. त्याआधी मोडता येत नाही. यावर कर्ज मिळत नाही. सर्व अटींचा दुवा पुढे आहे." मी त्यात 'तथापि' घालून पाहिला, तो तिने काढायला लावला. पत्र गेले, त्याला उत्तर आले नाही. पण जानेवारीत अर्ज उघडला तेव्हा यंत्र तिसऱ्या पर्यायावर पहिली दोन वाक्ये आणि चौथे बोलले. तिसरे त्यांनी का गाळले, कोणास ठाऊक. अक्काची त्यावरची तक्रार अजून चालू आहे. तिसऱ्या पत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी मी जयसिंगपूरला गेलो. इतरांची क्षमा मागणे झाल्यावर मी अक्काला त्या जुन्या सहीची हकिगत सांगितली. तोवर ती मी कोणालाही सांगितली नव्हती. तिने ऐकून घेतले. क्षमा तर त्या दिवशी मिळतेच, ती मिळाली. मग तिने विचारले, "त्या अर्जात किती पर्याय होते?" मला आठवत नव्हते. "आठव," ती म्हणाली, "तुझ्या ओळखीची माणसे अजून तिथे आहेत ना?"

मी आठवून जेवढे जमले तेवढे लिहून काढले. आता त्या बँकेतही पत्र गेले आहे, यावेळी पूर्वीचा अधिकारी म्हणून माझ्या नावाने, त्या सहीचा उल्लेख करून. निघताना अक्काने पंधरावा हप्ता पाठवला. माझा फोन वाजला. मी पाहिले, तपशिलाच्या रकान्यात तिने लिहिले होते : वसतिगृह दान, उसनवारी, हप्ता १५.